आजची पातळी

जेटी चिखलात रुतून बसली, त्याला आज अकरावा दिवस होता. पहिले दोन दिवस ती नुसती कलली होती, तेव्हा आबांच्या थोरल्या मुलाने दोर आवळून पाहिले. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाखालची निळी पिंपं उघडी पडली आणि मग आवळण्यासारखं काही राहिलंच नाही. पाणी तिथून शंभरेक पावलं मागे सरकलं होतं. काठावर जिल्हा परिषदेने लावलेला ‘खोल पाणी, पोहण्यास सक्त मनाई’ हा फलक तेवढा ताठ उभा होता, आणि दुपारी त्याच्या सावलीत एक कुत्रं झोपायचं.

आज तीन वाजता परिषदेची समिती पाहणीला येणार होती. जागा कुणी निवडली आणि कशाच्या आधारावर निवडली, एवढे दोनच प्रश्न त्यांच्या पत्रात होते. पहिल्याचं उत्तर सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. आबांच्या घरची मधली मुलगी परिषदेत तलाव पर्यटनाचं काम बघत होती आणि विकासाचा चौसष्ट पानी आराखडा तिचाच होता. दुसऱ्याचं उत्तर या घराच्या कपाटात होतं, आबांच्या वह्यांमध्ये.

पहिल्या बसने मधली आली ती चहालाही न थांबता त्या कपाटापुढे फतकल मारून बसली.

बावीस पायऱ्यांच्या तळाशी एक लोखंडी खांब आहे. त्यावर फूट आणि इंच कोरलेले आहेत. रोज सकाळी सात वाजता त्यावरची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे काम आधी आबांच्या वडिलांकडे होतं, मग आबांकडे आलं. पूल झाल्यावर आबांची नाव बंद पडली, पण खांब वाचणं चुकलं नाही. सहा वर्षांपूर्वी नजर गेली तेव्हाही काम घराबाहेर गेलं नाही. थोरली सून खाली जायची, पातळी बघून यायची, आबांना सांगायची, वहीत लिहायची. महिन्याच्या शेवटी आबा पानाच्या तळाशी बोटाने चाचपून सही करायचे.

या वह्यांच्या जोरावर मधलीने अभियंत्याला गप्प केलं होतं. अभियंता म्हणत होता, जेटी पलीकडे बांधाच्या बाजूला करा, गावच्या बाजूला मी उन्हाळ्यात मोजलं तर पाणी गुडघाभरही नव्हतं. मधलीने भर सुनावणीत वह्यांची चळत टेबलावर ठेवली आणि विचारलं, “एका उन्हाळ्याचं मोजमाप खरं धरायचं, की चाळीस वर्षांचं?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेटी इकडे आली. पहिल्या टप्प्यात एकोणीस घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. बायका टॉवेल घडी घालायला शिकल्या, चौदा जणांनी नावाड्याचं प्रशिक्षण घेतलं, नारिंगी जाकिटं आली. थोरल्याने दहा होड्या बांधल्या. दुसऱ्या टप्प्यात तलावाभोवतीची पायवाट आणि पक्षी बघायचा मनोरा व्हायचा होता.

यंदाचंच साल वाईट आहे, एवढं दाखवता आलं तरी मधलीला पुरे होतं. मागचे पाच उन्हाळे बरे गेले असतील तर समिती म्हणेल, थांबू या वर्षभर. तिने वह्या उघडल्या. आकडे छान होते. चार फूट सात, चार फूट साडेसहा, चार फूट सहा. पाणी असंच उतरतं, इंचाइंचाने, ओढ लागल्यासारखं. तिला हायसं वाटलं.

मग अकरा तारखेची ओळ कोरी दिसली.

आबांच्या सगळ्या वह्यांत एकच दिवस कोरा आहे, हे या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. धाकटा जन्मला तो दिवस. आई अडली होती आणि आबा खांब विसरून दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले होते. “तुझ्यामुळे तलाव एक दिवस बिनमोजलेला राहिला,” असं ते त्याला अजूनही चिडवत. पण ती गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची, आणि ही वही तीन वर्षांपूर्वीची होती.

मधलीने खालच्या कप्प्यातून जुनी वही ओढून काढली. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. कोऱ्या ओळीच्या वर चार फूट सात, इथेही आणि तिथेही. खाली चार फूट सहा, इथेही आणि तिथेही. पूर्ण महिना इंचाला इंच जुळत होता. पुढचा महिनाही जुळला. त्यानंतरचा उन्हाळा पस्तीस वर्षांपूर्वीच्या, त्याच्याही नंतरचा छत्तीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याशी... तिने पुढचं पान उलटलं नाही. चाळीस वर्षांचा आधार म्हणून जो टेबलावर ठेवला, त्यातले शेवटच्या सहा वर्षांचे उन्हाळे तलावाकडे न बघताच लिहिले होते.

*

स्वयंपाकघरात थोरली सून समितीसाठी कप विसळत होती. प्रत्येक कपावर तलावाचं चित्र होतं, काठोकाठ निळं.

“वहिनी, तुम्ही रोज खांब बघायला खाली जाता ना?”

“जाते की. सातला.”

“आणि वर येऊन काय लिहिता?”

सुनेने हातातला कप पालथा ठेवला. मग दुसरा ठेवला. वन्संचा आवाज चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो अगदी खाली होता, आणि तिच्या हातात दोन वह्या होत्या, एकीत एक घातलेल्या. सुनेला कळलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला थोडं हलकंही वाटलं. तेवढ्यासाठी तिने लगेच मनात स्वतःला शिव्या घातल्या.

“पाणी भरलेलं असतं तेव्हा खरंच लिहिते,” ती म्हणाली. “उन्हाळ्याचे पाच महिने तेवढे नाही.”

“का?”

“तुम्हाला आठवतं ना, आई गेल्या आणि दोन महिन्यांत आबांची नजर गेली? तुम्ही होतात की चार दिवस.” तिने टोमणा मारला नव्हता, पण बसायचा तिथे तो बसला. “त्या उन्हाळ्यात पाणी दीड फुटावर आलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सव्वा फूट. तेव्हाही सारलं. नऊ दिवस नुसत्या चहावर होते. हे म्हणाले, आईच्या पाठोपाठ जाणार बहुतेक. दहाव्या दिवशी मी खालून वर आले आणि चार फूट म्हणाले. आबा म्हणाले, वरच्या अंगाला पाऊस झाला असेल. आणि जेवले.”

“ठीक आहे. एक दिवस खोटं बोललात, मी समजू शकते.”

“एकच दिवस कसं बोलणार? दुसऱ्या दिवशीही सात वाजतातच.”

सून हात पुसत राहिली, ते कधीच कोरडे झाले होते.

“मनाने आकडे घातले असते तर त्यांनी धरलं असतं. पाणी कसं उतरतं ते त्यांना पाठ आहे. म्हणून त्यांचेच जुने काढले. रविवारी बसून महिन्याचे उतरवून ठेवायची आणि रोज एकेक वाचून दाखवायची. ती एक ओळ कोरी होती, मी कोरीच ठेवली. भावजींच्या जन्माचा दिवस तो, तिथे आकडा घालवेना; आबांना तेवढा मधला आकडा सांगितला.”

“मी या वह्या परिषदेत नेल्या तेव्हा तरी सांगायचं होतं.”

“तुम्ही मला विचारलंत कुठे? कपाट उघडलंत, वह्या गाडीत घातल्यात. मी चहा आणला तर उशीर होतोय म्हणालात. मला वाटलं, जुन्या आहेत म्हणून मांडून ठेवायला नेत असतील. मग पेपरात आबांचा फोटो आला, तलावाचा राखणदार म्हणून. त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगू?”

हे खरं होतं आणि म्हणूनच मधलीला ते सहन झालं नाही. या घरात वहिनीने सतरा वर्षांत काय काय केलं, ते कुणीही विचारलं नव्हतं. सगळं वेळच्या वेळी होत होतं, तेवढं पुरेसं होतं.

बाहेर ओसरीवर आबांचा रेडिओ मोठ्याने चालू होता. गेली काही वर्षं आबा कानामागे हात धरू लागले होते. “काय म्हणालीस? मोठ्याने बोल.” मग रेडिओही चढला. घरात सगळे ओरडून बोलायला शिकले होते आणि त्यामुळे हळू बोललेलं आबांपर्यंत पोचत नाही, असं गृहीत धरायलाही शिकले होते.

“चहा उतू चाललाय,” आबा बाहेरून म्हणाले.

सुनेने झटकन शेगडी बंद केली.

*

होड्यांच्या शेडमध्ये थोरल्याला घाम फुटला होता, आणि त्याचं कारण उन्हाळा नव्हतं. दहा होड्या पालथ्या पडल्या होत्या. दर चार दिवसांनी तो त्यांच्यावर पाणी मारायचा, नाहीतर फळ्या वाळून सांधे उघडतात. ते पाणी धाकटा आणायचा. धाकटा परिषदेच्या टँकरवर ड्रायव्हर होता, आणि तलावाकाठच्या या गावाला आठवड्यातून दोनदा टँकरने पाणी यायचं. आराखड्याच्या चौसष्ट पानांत हे कुठेच नव्हतं.

धाकटा टँकर रस्त्याला लावून आला. मधलीने जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं: उन्हाळ्यातले सहा वर्षांचे आकडे खोटे आहेत, जुन्या वहीतून उतरवलेले.

“मग प्रश्नच मिटला,” धाकटा म्हणाला. “समितीला सरळ सांगून टाक. ज्याने कुणी लिहिले त्याने निस्तरावं. पहिल्या दिवसापासून सांगतोय मी, इथे जेटी म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. माझं ऐकतो कोण, मी पडलो ड्रायव्हर.”

“वहिनींनी लिहिलेत.”

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. वहिनी या घरात आल्या तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, दोनदा नापास झालेला आणि घरातून तिसऱ्यांदा पळून जायच्या बेतात. त्याच्या हातात गाडी चालवायचा परवाना पडला तो त्यांनी आबांशी भांडून मिळवून दिलेला होता. मधलीने त्याला कोरी ओळ दाखवली. ती तारीख त्याने बराच वेळ वाचली.

“मग नको,” तो म्हणाला. “नको सांगूस.”

“आत्ताच तर—”

“आत्ताचं सोड.”

“तेच म्हणतोय मी,” थोरला घाईघाईने म्हणाला. “कुणी काही बोलायचं नाही. यंदाचं साल वाईट म्हणायचं. आधीच्या वह्यांत चार फूटच आहे. ते एक वर्ष थांबतील.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.”

“दादा, पुढच्या वर्षीही पाणी नसणार. वर नदी अडवली आहे. पाऊस पडला तरी दिवाळं निघालेलंच राहणार या तलावाचं.” मधली एका पालथ्या होडीवर टेकली. “दुसरा टप्पा चालू होईल. एकोणीस घरं आणखी चादरी शिवतील. आणखी पोरं नारिंगी जाकिटं घालून काठावर उभी राहतील. मी त्यांना सांगत राहू, येतील हं पाहुणे?”

थोरला रंध्याचं पातं अंगठ्याने चाचपत होता.

“एक विचारू?” मधली म्हणाली. “मी सुनावणीत आकडे वाचत होते, उन्हाळ्यातही चार फूट म्हणून. तू पहिल्या रांगेत होतास. तू इथे राहतोस. तुला रोज दिसत होतं.”

तो प्रश्न कधीतरी येणार हे थोरल्याला माहीत होतं. त्याने उत्तरही करून ठेवलं होतं. तुमचं शिकलेल्यांचं मोजमाप वेगळं असेल असं वाटलं, असं काहीतरी. पण बहिणीचं तोंड बघून ते त्याच्या तोंडातून निघेना.

“पुलानंतर कुणी होडी मागितली नाही माझ्याकडे,” तो म्हणाला. “अकरा वर्षं मी खुर्च्या आणि दारं करतोय. तू म्हणालीस दहा होड्या लागतील. म्हटलं, वही म्हणते ना चार फूट. वहीलाच जास्त कळत असेल.” मग त्याने रंधा खाली ठेवला. “नाही. मला माहीत होतं. मूग गिळून बसलो मी.”

धाकटा हसला, पण त्यात हसू नव्हतं. “आणि तू ताई? तू कधी उन्हाळ्यात आलीच नाहीस?”

मधली आली होती. आराखड्यासाठी फोटो काढायला, भर उन्हात. अठराव्या पायरीवर उभं राहून तिने पाहिलं होतं की पायरीखाली नुसत्या भेगा आहेत. तिने कॅमेरा थोडा वर धरला, लांबचं पाणी आणि डोंगर चौकटीत घेतले आणि भेगा बाहेर ठेवल्या. तो फोटो आराखड्याच्या मुखपृष्ठावर होता. तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, यंदा जरा कमी आहे.

“आले होते,” ती म्हणाली.

एवढं झाल्यावर कुणी कुणावर खापर फोडायचं हा प्रश्न उरला नाही. जो तो ज्याला हवा होता तेवढाच तलाव बघत आला होता. मधलीला रडू येत नव्हतं. तिला फक्त थकल्यासारखं वाटत होतं. बदली होईल, निलंबन होईल, ते तिने बसमध्येच गृहीत धरलं होतं. पण आपण जन्मभर जी एकच गोष्ट निःशंक खरी मानली, बापाची वही, तीही राहिली नाही, याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं.

“मी सांगते, आकडे मी बदलले,” ती शेवटी म्हणाली. “माझी नोकरी तशीही जाणार. वहिनींचं नाव नको, आबांचं नको.”

“हे चालेल,” थोरला म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

“नाही चालणार.” दारात थोरली सून उभी होती. ती कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं. “अक्षर माझं आहे. पोरालाही ओळखता येईल.”

“मग म्हणू, मी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलं.”

“वन्सं, वेड्यासारखं बोलू नका. अक्षर माझं आणि प्रत्येक पानाखाली सही आबांची. तुम्ही अंगावर घ्या नाहीतर मी घेते, शेवटी ते विचारणार, की म्हाताऱ्याने सही कशावर केली? उद्या कुणीतरी त्यांच्या समोर येऊन विचारणारच. चाळीस वर्षांत एकच दिवस चुकला त्यांचा, आणि माझ्यामुळे त्यांना खोटारडं म्हणतील.” “मला त्यांचं जेवण तेवढं चालू ठेवायचं होतं. दुसरं काही नव्हतं हो मनात.”

चौघं चार होड्यांपाशी उभे राहिले, प्रेत उचलायला जमल्यासारखे. आबांना कोण सांगणार, हे कुणी मोठ्याने विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यात धाकट्याच्या लक्षात आलं की बाहेरचा रेडिओ बंद आहे. किती वेळ बंद होता, कोण जाणे.

आबा शेडच्या कोपऱ्याशी काठी टेकून उभे होते.

“मला खाली ने,” ते म्हणाले. तोंड सुनेच्या दिशेला होतं.

“ऊन आहे आबा. आणि तीन वाजता ते लोक—”

“त्यांच्या आधी ने.”

*

डोळे गेल्यापासून आबा एकदाही पायऱ्या उतरले नव्हते. बघता येत नाही तर जायचं कशाला, म्हणायचे. जेटीचा समारंभ झाला तेव्हाही वरच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले होते. तेव्हा तलाव भरलेला होता. सुनेला त्यांच्या या हट्टाचा आधार वाटायचा. रोज सकाळी खाली जाताना तिला एकच भीती असायची, की आज ते म्हणतील, मीही येतो.

आता त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. हात हलका होता. मागे तिघं भावंडं दोन-दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून उतरत होती. लहानपणी बाप रागावलेला असला की ती अशीच मागे राहायची.

आबा मोजत होते. प्रत्येक पायरीवर काठीचं टोक आधी पुढे टेकवायचे.

“बारा. तेरा.” थांबले. “माझे डोळे होते तोवर पंधरावी कधी उघडी पडली नव्हती. माझ्या वडिलांच्या काळात एकदा पडली, म्हणायचे. मी नाही पाहिली.”

सुनेने हात घट्ट धरला. पंधराव्या पायरीवर काठी टेकली, टक्‌ असा आवाज झाला. सोळावीवरही झाला. अठरावीवर मधलीने डोळे मिटून घेतले. एकोणीस, वीस, एकवीस. आबा आता आकडे मोठ्याने म्हणत नव्हते. फक्त ओठ हलत होते. बाविसाव्या पायरीनंतर त्यांनी काठी पुढे टाकली, आणि ती वाळलेल्या चिखलाच्या भेगेत शिरली.

ते तसेच उभे राहिले. वाऱ्यावर कुठूनतरी सुकलेल्या शेवाळाचा वास आला. कुत्रं फलकाच्या सावलीतून उठून थोडं लांब जाऊन बसलं.

“आबा, सगळं माझं आहे,” सून म्हणाली. “मला काय बोलायचं ते बोला. मी तुम्हाला सहा वर्षं फसवलं.”

“मला आवाज येत नव्हता,” आबा म्हणाले.

कुणालाच कळेना.

“पाण्याचा. वर ओसरीवर बसलं की पायरीला पाणी लागतं त्याचा आवाज यायचा. जन्मभर ऐकलाय मी तो. डोळे गेले तेव्हा म्हटलं, हा आहे, तर झालं. मग उन्हाळ्यात तो येईनासा झाला. तू सांगायचीस चार फूट. चार फूट पाणी असताना आवाज येत नाही, म्हणजे काय समजायचं माणसाने? मला वाटलं, कानही चालले.”

सुनेने वर ओसरीकडे पाहिलं.

“कुणाला बोललो नाही. डोळ्यांचं तुझ्यावर आलंच होतं, त्यात आणखी हे. पावसाळ्यात परत थोडं ऐकू यायचं. तेव्हा मनातून बरं वाटायचं, की उतार पडतोय. उन्हाळ्यात पुन्हा जायचं. रेडिओ लावून बसायचो, म्हणजे नेमकं काय ऐकू येत नाही ते कळत नाही.”

थोरला मागच्या पायरीवर बसला. सहा वर्षं हा माणूस आंधळा होता, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून त्याला बहिराही केला होता. जेवण चालू राहिलं होतं, एवढंच. सून रडत होती आणि आवाज होऊ नये म्हणून तिने ओठ दाताखाली धरले होते. मग आबांना तेही ऐकू जाईल हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला जास्तच रडू आलं.

“रडू नकोस,” आबा म्हणाले. “मलाही तपासता आलं असतं. बावीसच तर पायऱ्या आहेत. नाही आलो.” त्यांनी काठीने चाचपत दोन पावलं टाकली, हात पुढे केला आणि त्यांना खांब सापडला. त्यांनी वाकून तो वरपासून खालपर्यंत चाचपला. कोरलेल्या रेघांवरून बोटं फिरली, चार, तीन, दोन, एक, आणि मग जिथे खांब जमिनीत शिरतो तिथे थांबली. बोटांना माती लागली.

“वही आणलीय कुणी?”

मधलीच्या काखेत चालू वर्षाची वही होती. तिने ती पुढे केली, आणि मग कुणी हात धरल्यासारखी मागे घेतली. “आबा, यावर सही केलीत तर आधीच्या सगळ्या... ते पेपरात छापतील. तुमचं नाव...”

“कोणतं नाव? सात वाजता पाणी बघायचं, एवढंच काम होतं.” ते सुनेकडे वळले. “तू लिही. तुझंच अक्षर राहू दे. आज किती?”

सहा वर्षं त्यांनी रोज हाच प्रश्न विचारला होता, याच आवाजात. तिने रोज उत्तर दिलं होतं. समोर तलावाचा तळ भेगाळून पडला होता आणि त्याच्या पार पलीकडे पाण्याची एक मळकट पट्टी होती, बांधाला चिकटलेली. ती पट्टीही पुढच्या महिन्यात नसणार होती. जे खरं ते सांगून काहीच परत येणार नव्हतं. वन्संची नोकरी जाणार होती, ह्यांच्या होड्या उन्हात तडकणार होत्या, एकोणीस घरांतल्या चादरी घडीच्या घडीत राहणार होत्या. आणि आज आबा जेवणार नव्हते, हेही तिला माहीत होतं.

“खांब उघडा आहे, आबा,” ती म्हणाली. “बुडापासून.”

“तसं लिही.”

तिने पेन घेतलं. धाकट्याने खाली बसून पाठ पुढे केली आणि तिने त्या पाठीवर वही टेकवून आजच्या तारखेपुढे आधीच उतरवलेला आकडा खोडला आणि लिहिलं. शाई नीट उमटेना म्हणून तीच अक्षरं पुन्हा गिरवली. मग आबांचं बोट धरून पानाच्या तळाशी नेलं. त्यांनी सही केली, नेहमीपेक्षा सावकाश, एकेक अक्षर सुटं.

त्यांनी मान थोडी वर उचलली.

“दोन गाड्या आहेत,” ते म्हणाले. “वळणावर आल्यात.”

बाकीच्यांनी कान दिले. कुणालाच काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने वरच्या रस्त्यावर धूळ उडालेली दिसली आणि मग एकामागून एक दोन गाड्यांची दारं वाजली.